अब्राहम लिंकन : कारभाराचा हिशेब



जबलपूरहून नागपूरच्या वाटेने दक्षिणेस निघाले म्हणजे बरगी हे गाव लागते. जबलपूरच्या लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजात शिक्षण घेतलेल्या आपल्या कित्येक पाळकांना ही वाट परिचयाची आहे. गावापासून थोड्या अंतरावर नर्मदेवर मोठे धरण आहे. १९७४ साली त्याचे काम सुरू झाले व १९९० साली ते पूर्ण झाले. जलाशयाला राणी अवंतीबाईंचे नाव दिलेले आहे. या धरणाने शेतीला पाणी दिले, वीज दिली, शहराची तहान भागवली. हे सारे खरे आहे. परंतु त्या संथ पाण्याची झळ जबलपूर, मंडला व सिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावांना बसली, हेही तितकेच खरे आहे. घरेदारे सोडून गेलेल्यांत गोंड आदिवासी बांधव मोठ्या संख्येने होते. कालपर्यंत स्वतःच्या शेतात राबणाऱ्या अनेकांवर जबलपूरच्या रस्त्यांवर रिक्षा ओढण्याची आणि मोलमजुरी करण्याची वेळ आली.

त्या पाण्याच्या काठी उभे राहिले की मनात एक प्रश्न येतो. राज्य करणाऱ्याच्या कारभाराचा हिशेब कसा मांडावा? त्याने काय उभारले यावरून, की त्या उभारणीची किंमत कोणी मोजली यावरून? लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावून हिशेब मागतो. तो हिशेब प्रत्येक सत्ताधाऱ्याला कधी ना कधी द्यावाच लागतो. आज आपण अशाच एका कारभाऱ्याचे चरित्र पाहू. त्याचे नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्याच्या सत्तेच्या चार वर्षांत लाखो माणसे मेली आणि सुमारे चाळीस लाख गुलामांच्या मुक्तीची वाटही त्याच चार वर्षांत मोकळी झाली. ते म्हणजे अमेरिकेचे सोळावे अध्यक्ष अब्राहम लिंकन.

लिंकन यांचे नाव मराठी घरांना नवे नाही. त्यांनी आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिले असे सांगितले जाणारे एक पत्र, कविवर्य वसंत बापट यांच्या सुंदर मराठी रूपात, आपल्या शाळांच्या भिंतींवर आणि घरांच्या दिवाणखान्यांत चौकटीत लावलेले आपण पाहतो. वाचकहो, सत्यासाठी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. लिंकन यांच्या संग्रहित लेखनात ते पत्र कोठेही आढळत नाही. त्यातील उपदेश चांगला आहे, पण तो लिंकन यांचा आहे असे म्हणायला आधार नाही. न लिहिलेल्या पत्रावरून ज्याला आपण ओळखतो, त्याच्या प्रत्यक्ष जीवनाकडे आता वळू या.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी संस्थानात लाकडाच्या ओंडक्यांनी बांधलेल्या एका खोलीच्या घरात लिंकन यांचा जन्म झाला. वडील थॉमस हे शेतकरी व सुतार होते. आई नॅन्सी ही साधी, श्रद्धावान स्त्री होती. हे कुटुंब ज्या बॅप्टिस्ट मंडळीत उपासनेला जात असे, ती मंडळी गुलामगिरीच्या विरुद्ध होती. जमिनीच्या मालकीचे तंटे आणि काही अंशी ही गुलामगिरी, या दोन कारणांनी १८१६ साली थॉमस यांनी केंटकी सोडून इंडियानाच्या रानात बिऱ्हाड नेले. तेथे १८१८ च्या ऑक्टोबरात आईचा मृत्यू झाला. अब्राहम तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी घरात आलेल्या सावत्र आईने, सारा हिने, या पोरक्या मुलाला पोटच्या मुलासारखे वाढवले. आपल्याकडील लोककथांतील सावत्र आई डोळ्यांपुढे आणणाऱ्यांनी या माउलीची आठवण अवश्य ठेवावी.

शाळेचे दिवस सारे मिळून एक वर्षही भरले नाहीत. कुऱ्हाड चालवणे, कुंपणासाठी लाकडे फोडणे, नांगर धरणे यांत बालपण गेले. पण हाती येईल ते पुस्तक तो वाचून काढी. त्या घरातले पहिले पुस्तक पवित्र शास्त्र हे होते. इसापाच्या गोष्टी आणि जॉन बन्यनचे ते पुस्तक, जे हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणले, तेही त्याच्या वाचनात आले. पुढे अध्यक्षपदावर असताना त्यांच्या भाषेला जे वजन आणि जी लय प्राप्त झाली, तिचे मूळ या बालपणीच्या शास्त्रवाचनात आहे.

१८३० साली हे कुटुंब इलिनॉय संस्थानात गेले. न्यू सेलम या लहानशा गावी लिंकन यांनी भागीदारीत दुकान घातले. ते बुडाले. भागीदार मरण पावला तेव्हा त्याच्या वाट्याचे कर्जही लिंकन यांनी आपल्या अंगावर घेतले आणि ते वर्षानुवर्षे फेडले. त्यांनी गावचे पोस्ट सांभाळले, जमिनीची मोजणी केली. १८३४ साली ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले. कोणाही गुरूविना कायदा वाचून १८३६ साली त्यांनी वकिलीची सनद मिळवली. १८४२ साली मेरी टॉड हिच्याशी त्यांचा विवाह झाला. चार मुलगे झाले, त्यांपैकी एकच पूर्ण वयापर्यंत जगला. दुसरा मुलगा एडी १८५० साली चौथे वर्ष पुरे होण्याच्या आतच गेला.

त्यांच्या विश्वासाविषयी वाचकांच्या मनात प्रश्न येईल. प्रामाणिक उत्तर हे की लिंकन कोणत्याही मंडळीचे सभासद कधीच झाले नाहीत. तरुणपणी ते शंकेखोर होते. १८४६ च्या निवडणुकीत त्यांच्यावर नास्तिकतेचा आरोप आला, तेव्हा आपण कोणत्याही मंडळीचे सभासद नाही हे त्यांनी छापील पत्रकातून मान्य केले. मात्र शास्त्राचे सत्य आपण कधी नाकारलेले नाही, असेही त्यात सांगितले. एडीच्या मृत्यूनंतर ते प्रेसबिटेरियन पाळकांच्या संगतीत आले आणि वॉशिंग्टन येथे तर नेमाने उपासनेला जात. त्यांना आपल्या पंथाचे ठरवण्याचा मोह आपण टाळावा. तथापि शास्त्राशी इतकी दीर्घ झुंज घेणारा दुसरा अध्यक्ष सापडणे कठीण आहे.

आता ज्या पापाशी त्यांची गाठ पडली त्याकडे पाहू. १८६० च्या शिरगणतीनुसार अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत सुमारे चाळीस लाख आफ्रिकी वंशाचे लोक गुलाम होते. त्यांची खरेदीविक्री होई, नवराबायकोची ताटातूट होई, लेकरे आईपासून तोडली जात. अधिक लाजेची गोष्ट ही की अनेक धर्मोपदेशक शास्त्रातील वचने काढून याचे समर्थन करीत. या प्रश्नावर १८४४ साली मेथॉडिस्ट मंडळी दुभंगली आणि १८४५ साली बॅप्टिस्ट दुभंगले. ज्या अमेरिकन मेथॉडिस्ट परंपरेतून जबलपूरचे आपले कॉलेज उभे राहिले, तिची ती फूट १९३९ पर्यंत सांधली गेली नव्हती. अहमदनगरला व मुंबईला ज्या मंडळाने अमेरिकन मराठी मिशन पाठवले, ते मंडळही गुलामांच्या मालकांशी संबंध तोडायला तयार नव्हते. म्हणून त्याच्यावर नाराज झालेल्या ख्रिस्ती लोकांनी १८४६ साली निराळी मिशनरी संस्था स्थापन केली. आपल्याला सुवार्ता देणारे हात असे होते, हे कृतज्ञतेने आणि नम्रतेने आपण स्मरले पाहिजे.

१८५४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करून देणारा कायदा केला आणि वकिलीत रमलेले लिंकन पुन्हा राजकारणात उतरले. १८५८ साली सिनेटच्या निवडणुकीत त्यांनी मार्क ३:२५ मधील फूट पडलेल्या घराचा दाखला घेऊन सांगितले की अर्धे गुलाम व अर्धे स्वतंत्र असे राष्ट्र कायम टिकणार नाही. त्या वर्षी डग्लस या प्रतिस्पर्ध्याशी त्यांचे सात जाहीर वादविवाद झाले. निवडणूक ते हरले, पण देशभर त्यांचे नाव झाले. येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. त्याच वादविवादांत लिंकन यांनी काळ्या आणि गोऱ्या लोकांच्या सामाजिक व राजकीय समतेला आपला पाठिंबा नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगितले होते. गुलामगिरी त्यांना अन्याय वाटे, पण गुलाम झालेला मनुष्य आपल्या शेजारी समान नागरिक म्हणून बसावा इथवर त्यांचे मन तेव्हा पोहोचले नव्हते.

नोव्हेंबर १८६० मध्ये ते अध्यक्ष म्हणून निवडून आले. चार उमेदवारांत मते विभागली गेल्याने त्यांना शेकडा चाळीसांहूनही कमी मते पडली होती. ४ मार्च १८६१ रोजी त्यांनी शपथ घेतली, त्यापूर्वीच सात संस्थाने फुटून निघाली होती. १२ एप्रिलला फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि भाऊबंदकीचे युद्ध पेटले. फुटलेल्या संस्थानांची संख्या अकरा झाली. चार वर्षांत किमान सहा लाखांवर माणसे मेली, आणि अलीकडच्या काही अभ्यासकांच्या मते हा आकडा सात लाखांच्याही पुढे जातो. कोणत्याही अध्यक्षाच्या वाट्याला याहून बिकट संकट आलेले नाही.

या युद्धाची झळ आपल्या महाराष्ट्रालाही लागली, हे अनेकांना ठाऊक नसते. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई आणि तो गुलामांच्या हातांनी पिके. लिंकन यांनी एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवले. मुंबईत कापसाचे भाव कडाडले. वऱ्हाड आणि खानदेशातून गाठोड्यांवर गाठोडी मुंबईकडे लोटली. पैशाचा पूर आला. शेअरबाजारात लोक वेडे झाले. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि प्रेमचंद रायचंदांसारखा धनाढ्यही नादार झाला. शेतकऱ्याच्या हाती कर्ज तेवढे उरले. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध जे दंगे उसळले, त्यांच्या अनेक कारणांत इतिहासकार कापसाच्या या घसरणीचीही गणना करतात. एका दूरच्या देशातील पापाचा आणि त्याच्या प्रायश्चित्ताचा व्यवहार आपल्या गावच्या शिवारापर्यंत असा येऊन पोहोचला होता.

युद्धाच्या आरंभी लिंकन यांचे घोषित ध्येय राष्ट्र एकत्र राखणे हे होते, गुलामगिरी नष्ट करणे हे नव्हते. सीमेवरची चार संस्थाने गुलामगिरी पाळूनही राष्ट्राशी निष्ठावंत राहिली होती आणि ती दुरावतील ही धास्ती होती. ऑगस्ट १८६२ मध्ये काळ्या पुढाऱ्यांचे एक मंडळ त्यांना भेटले, तेव्हा लिंकन यांनी त्यांना देश सोडून अन्यत्र वसाहत करण्याचा सल्ला दिला. ज्यांच्या पूर्वजांच्या घामावर तो देश उभा राहिला, त्यांनाच निघून जायला सांगणे किती कठोर होते! फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून निसटून आलेल्या थोर वक्त्याने त्यावर कडक टीका केली.

परंतु वाचकहो, या मनुष्याचे वैशिष्ट्य असे की त्याने टीकाकारांसाठी आपले दार बंद केले नाही. सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिएटमच्या लढाईनंतर त्यांनी मुक्तीचा इशारा दिला आणि १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. तो जाहीरनामा बंडखोर प्रदेशांपुरताच होता. निष्ठावंत संस्थानांतील गुलामांना त्याने हात लावला नाही. पण त्याने युद्धाचा अर्थ बदलला. सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक राष्ट्राच्या सैन्यात दाखल झाले. त्याच डग्लस यांनी १८६३ च्या ऑगस्टात अध्यक्षांना भेटून काळ्या सैनिकांना कमी वेतन का, असा जाब विचारला. लिंकन यांनी ऐकून घेतले. पुढल्या वर्षी समान वेतनाचा कायदा झाला. ज्याने टीका केली त्यालाच त्यांनी पुन्हा सल्ल्यासाठी बोलावले. सत्तेच्या शिखरावर बसलेल्याला हे किती अवघड जाते, ते आपण आपल्या आसपास रोज पाहतो.

दोष आणखीही आहेत. युद्धकाळात अध्यक्षांनी अटकेतील मनुष्याला न्यायालयापुढे आणण्याचा हक्क स्थगित केला आणि हजारो लोक खटल्याविना तुरुंगात पडले. सरन्यायाधीशांनी हे बेकायदा ठरवले तरी ते थांबले नाहीत. १९७५ ची आणीबाणी पाहिलेल्या भारतीयाला याचे गांभीर्य वेगळे समजावून सांगायला नको. मात्र त्यांनी निवडणूक टाळली नाही. ऑगस्ट १८६४ मध्ये आपला पराभव निश्चित आहे असे त्यांना वाटत होते, तेव्हा त्यांनी नव्या अध्यक्षाशी सहकार्य करण्याचे वचन एका कागदावर लिहिले आणि मजकूर न दाखवता मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. नोव्हेंबरात लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडले.

सर्वांत जड पान १८६२ च्या डिसेंबरचे आहे. मिनेसोटात डकोटा जमातीच्या जमिनी गेल्या होत्या, ठरलेले पैसे वेळेवर मिळाले नव्हते, लोक भुकेने गांजले होते. त्यांनी उठाव केला आणि शेकडो गोरे वसाहतकरी मारले गेले. लष्करी न्यायमंडळाने घाईघाईच्या खटल्यांत ३०३ डकोटांना मृत्युदंड सुनावला. बिशप व्हिपल या धर्मसेवकाने अध्यक्षांना भेटून या लोकांवरील अन्याय त्यांच्यापुढे मांडला. लिंकन यांनी प्रत्येकाची कागदपत्रे तपासायला लावली आणि बहुतेकांचा मृत्युदंड रोखला. तरीही २६ डिसेंबर रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, मॅनकेटो येथे ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिले गेले. अमेरिकेच्या इतिहासात एकाच वेळी इतक्यांना फाशी दुसऱ्यांदा झालेली नाही. पुढच्या वर्षी डकोटांना त्या भूमीतूनच हाकलण्यात आले. त्याच १८६२ साली लिंकन यांच्या सहीने वसाहतकऱ्यांना १६० एकर जमीन देणारा कायदा झाला. गरीब गोऱ्या शेतकऱ्याला तो वरदान ठरला, पण त्यातील पुष्कळ भूमी मूळच्या जमातींची होती. बरगीच्या पाण्याकाठी आरंभी मनात आलेला प्रश्न येथे पुन्हा समोर येतो. एकाला मिळालेल्या लाभाची किंमत दुसऱ्याने मोजली होती.

त्या वर्षी लिंकन यांच्या घरातही अंधार पसरला होता. फेब्रुवारीत अकरा वर्षांचा विली अध्यक्षीय निवासस्थानातच तापाने दगावला. आईचे मन त्या दुःखातून कधी सावरले नाही. बाप रात्री जागून युद्धाच्या तारा वाचत असे. याच सुमारास त्यांनी स्वतःपुरते एक टिपण लिहून ठेवले. दोन्ही पक्ष आपण देवाच्या इच्छेने वागतो असे म्हणतात, दोघेही बरोबर असणे शक्य नाही, आणि कदाचित देवाचा हेतू दोघांच्याही हेतूंहून निराळा असेल, असा त्याचा आशय होता. मार्च १८६३ मध्ये त्यांनी राष्ट्राला उपवासाचा व पापकबुलीचा दिवस पाळायला सांगितले.

या चिंतनाचे पक्व फळ म्हणजे ४ मार्च १८६५ रोजी दुसऱ्या शपथविधीला केलेले भाषण. विजय दारात उभा होता. दुसरा कोणी असता तर त्याने विजयाचा डंका वाजवला असता. लिंकन काही मिनिटेच बोलले. दोन्हीकडचे लोक एकच शास्त्र वाचतात आणि एकाच देवाकडे एकमेकांविरुद्ध प्रार्थना करतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मत्तय १८:७ आणि स्तोत्र १९:९ यांचा आधार घेऊन त्यांनी गुलामगिरीचे पाप केवळ दक्षिणेच्या माथी न मारता साऱ्या राष्ट्राचे मानले, आणि युद्ध हा त्या पापाचा न्याय असू शकेल असे सुचवले. शेवटी कोणाविषयीही आकस न धरता जखमा बांधण्याचे, विधवांना व अनाथांना सांभाळण्याचे आवाहन केले. जिंकणाऱ्या पक्षाच्या पुढाऱ्याने विजयाच्या घडीला आपल्याच बाजूचे पाप कबूल करावे, याला इतिहासात फार थोडी उदाहरणे आहेत. दावीद राजाने नाथान संदेष्ट्यापुढे मान खाली घातली, त्याची येथे आठवण होते.

९ एप्रिल १८६५ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, दक्षिणेचे सेनापती ली शरण आले. ११ तारखेच्या भाषणात लिंकन यांनी काही काळ्या नागरिकांना, विशेषतः सुशिक्षितांना व सैनिकांना, मतदानाचा हक्क मिळावा अशी इच्छा प्रथमच जाहीरपणे व्यक्त केली. १८५८ पासून त्यांचे मन किती लांब चालत आले होते ते पाहा. ते भाषण ऐकणाऱ्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ नावाचा नट होता. १४ एप्रिलला, उत्तम शुक्रवारी, रात्री त्याने नाट्यगृहात लिंकन यांच्यावर गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा प्राण गेला. त्या पुनरुत्थानाच्या रविवारी अनेक मंडळ्यांत त्यांची तुलना तारणाऱ्याशी करण्यात आली. ती भावना समजण्याजोगी आहे, पण योग्य नाही. लिंकन हे तारण पावण्याची गरज असलेले मनुष्य होते आणि ते त्यांना स्वतःला ठाऊक होते.

त्यांच्या पश्चात डिसेंबर १८६५ मध्ये राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी सर्व देशातून कायद्याने गेली. ती दुरुस्ती प्रतिनिधिगृहात जानेवारीतच संमत व्हावी म्हणून लिंकन यांनी आपले सारे वजन खर्ची घातले होते. परंतु मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही. दक्षिणेच्या किनाऱ्यावर सेनापती शर्मन यांनी काही कुटुंबांना दिलेल्या जमिनीही पुढचे अध्यक्ष जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत केल्या. १८७७ नंतर दक्षिणेत जुनी सत्ता परतली. मताचा हक्क कागदावरच राहिला आणि त्याला खरे संरक्षण मिळायला १९६५ साल उजाडावे लागले. साखळी तुटली, पण पायाखाली भूमी नव्हती. कायदा केला म्हणजे न्याय झाला, असे मानणाऱ्यांना हा मोठा धडा आहे.

या मुक्तीचा प्रतिध्वनी महाराष्ट्रात एका थोर मनाने ऐकला. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, आणि अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून प्रेरणा घेतलेले जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो त्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी औदार्य व स्वार्थत्याग दाखवला होता. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्र बंधूंना दास्यातून सोडवावे, ही त्यांची आशा होती. लक्षात घ्या, जोतीरावांनी तो ग्रंथ एका अध्यक्षाला अर्पण केला नाही, लोकांना केला. मुक्ती एका सहीने येत नाही, असंख्यांच्या त्यागाने येते, हे त्यांनी ओळखले होते.

तर मग हिशेब कसा मांडावा? लिंकन यांना देवदूत ठरवणे खोटे आहे आणि त्यांचे दोष दाखवून त्यांना मोडीत काढणे हेही खोटे आहे. राष्ट्र एक राहिले, गुलामगिरी गेली, संकटातही निवडणूक झाली, या जमेच्या बाजू आहेत. डकोटांच्या फाशी, हिरावलेल्या भूमी, खटल्याविना तुरुंग, उशिरा आलेला धीर या खर्चाच्या बाजू आहेत. मला वाटते, त्यांचा खरा वारसा या दोहोंच्या वजाबाकीत सापडत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे बोलणे ऐकून ते बदलले आणि आपल्या पक्षाचे पाप त्यांनी लोकांपुढे कबूल केले, यात तो आहे. जेथे त्यांनी ऐकले तेथे ते मोठे झाले, जेथे पुरते ऐकले नाही तेथे माणसे मेली.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी अध्यक्ष होणार नाही. पण आपण पंच आहोत, पाळक आहोत, शाळेचे मुख्याध्यापक आहोत, मिशनच्या जमिनीचे विश्वस्त आहोत, घरातले वडीलधारे आहोत. आपल्याही सहीने कोणाचे तरी घर राहते किंवा जाते. ख्रिस्तात यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र असा भेद नाही असे आपण गलतीकरांस पत्रातून वाचतो आणि सोयरीक जुळवताना, कमिटीची निवडणूक लढवताना, प्रसंगी दफनभूमीतसुद्धा पूर्वीची जात विचारतो. अमेरिकन मंडळ्यांनी शास्त्र हाती धरून गुलाम राखले, याचे आपल्याला नवल वाटते. उद्या कोणाला आपल्या मंडळीचे तितकेच नवल वाटणार नाही, याची खात्री आपण देऊ शकतो काय?

बरगीच्या जलाशयावर संध्याकाळी उजेड मावळत जातो तेव्हा पाणी फार सुंदर दिसते. त्या सौंदर्याखाली कोणाची चूल होती, कोणाचे शेत होते, हे विचारणारा मनुष्य त्या सौंदर्याचा वैरी नसतो. तो हिशेब मागणाऱ्या धन्याचा सेवक असतो. मीखा संदेष्ट्याने सांगितलेली नीतीची, दयेची आणि देवासमोर नम्रतेने चालण्याची वाट आपल्यासमोर खुली आहे. जो धनी एके दिवशी आपल्याला बोलावून कारभाराचा हिशेब विचारणार आहे, तो आजच आपल्याला ऐकणारे कान आणि कबूल करणारे हृदय देवो.